गुटीला बाप नसतो

अध्यक्षमहाराज आणि बागेतील कामे टाकून इथवर आलेल्या मंडळींनो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'पिकांतील रोगप्रतिकारक जनुके आणि त्यांची उत्क्रांती' असा छापला आहे. त्याकडे मी येणारच आहे. परंतु सोलापुरात डाळिंबाच्या तेल्या या जिवाणूच्या रोगाला वळसा घालून तिकडे जाता येत नाही, निदान मला तरी येत नाही.

दुष्काळी सांगोल्याकडे आमची भगवा जातीच्या डाळिंबाची दोन एकर बाग होती. ज्या रोपवाटिकेतून गुट्या, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळे फोडून केलेली रोपे, आणल्या तिचे नाव घेत नाही, पण पावतीवर तिने 'रोगप्रतिकारक रोपे' असे ठसठशीत छापले होते. दुसऱ्या मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी धरलेल्या फुलोऱ्यात, पानांवर तेलाचे थेंब उडावेत तसे ठिपके दिसू लागले. पुढे ते काळे पडले, फळांवर उतरले आणि भरत आलेली फळे डागाच्या जागी उलून दाणे उघडे पडले. वडिलांनी त्यातले एक फळ दिवसभर खिशात ठेवले होते. कोणी भेटले की ते काढून दाखवायचे, बोलायचे काही नाही. मी पावती घेऊन रोपवाटिकेत गेलो, तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, "रोप प्रतिकारकच आहे, तुमच्याकडचा पाऊस त्याला सोसला नाही." सांगोल्याचा पाऊस! (हशा) आम्ही पुढे मृग सोडून हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरतानाचा फुलोरा, धरू लागलो, पण तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

प्रतिकारक, पण कोणाला? अमेरिकेत नॉर्थ डाकोटात हॅरल्ड फ्लोर यांनी १९४०च्या दशकात जवस आणि त्यावरील तांबेरा ही रोगकारक बुरशी या दोघांचेही संकर करून पाहिले, आणि जवसातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला तांबेऱ्यात जोडीचे एक जनुक असते असे दाखवले. तांबेऱ्यातील ते जनुक बदलले की जवसाला शत्रू ओळखू येत नाही. गव्हात राय या पिकाकडून आलेल्या एका जनुकाने काळ्या तांबेऱ्याला कित्येक वर्षे रोखले, आणि १९९८ साली युगांडात त्यालाही न जुमानणारा तांबेरा सापडला.

आता गुटीकडे पाहा. ती त्याच झाडाची फांदी असते. तिला आई असते, बाप नसतो. त्यामुळे भगव्याच्या बागा म्हणजे जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकच झाड, आणि तेल्याचा जंतू एका बागेत जे शिकला ते शेजारच्या बागेत त्याला नव्याने शिकावे लागत नाही. रोगट बागेतील गुटी जंतूलाही सोबत घेऊन येते, ती गोष्ट निराळीच.

चिटणीसांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत, तेव्हा पत्रिकेवरचा विषय आता पळवावा लागेल.

पिकांतील प्रतिकारक जनुकांपैकी बरीचशी पेशीच्या आतील पहारेकरी प्रथिने घडवतात आणि गुणसूत्रावर एकसारख्या प्रतींच्या रांगेत बसलेली असतात. परागकण किंवा बीजांड तयार होताना जोडीची गुणसूत्रे एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. रांगेत सगळेच सारखे दिसत असल्याने कधी जुळणी एका घराने चुकते, मग एकीकडे प्रत वाढते, दुसरीकडे घटते किंवा दोन प्रतींची मिळून तिसरीच होते. नवा पहारेकरी अशा चुकीतूनही जन्मतो. तो फुकट पोसता येत नाही: अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे एक जनुक बाळगणाऱ्या रोपांना सुमारे नऊ टक्के बी कमी आले.

आपल्या ज्वारीचे उदाहरण तर उलटेच आहे. अमेरिकेत मिलो जातीच्या ज्वारीवर एका बुरशीचा रोग पडला, तेव्हा शेतात काही ताटे तगली. पुढे कळले की बुरशीचे विष नेमका एक पहारेकरीच वापरून घेत होते, आणि तगलेल्या ताटांत जुळणीच्या चुकीने तोच गळाला होता. घरफोडी करणाऱ्याला राखणदारानेच कडी काढून द्यावी, तसा प्रकार. परंतु ही चूक होण्यासाठी बी धरावे लागते, आणि ते तर गुटीत घडतच नाही.

म्हणून मी बांधावर बियांपासून चाळीस डाळिंबे लावली आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या तीन झाडांची पाने स्वच्छ राहिली. पहिली फळे आज सोबत आणली आहेत. चिंचेहून आंबट आहेत, अध्यक्षमहाराजांनी जपून खावीत.