जेम्सटाउनच्या चर्चमधली सभा

श्रोतेहो, नमस्कार.

३० जुलै १६१९. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन वस्तीच्या लाकडी चर्चमध्ये माणसं जमली होती. उकाडा असह्य, वस्तीत आजारपण. प्रत्येक ठिकाणाहून दोन, असे अकरा ठिकाणांहून २२ प्रतिनिधी निवडून आले होते. गव्हर्नर जॉर्ज यर्डली आपल्या नेहमीच्या जागी, दोन्ही बाजूंना त्याचे सल्लागार आणि समोर सभापती जॉन पोरी. आधी प्रार्थना झाली, मग राजनिष्ठेची शपथ. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधली ही पहिली निर्वाचित सभा.

या पोरीकडे जरा नीट पाहायला हवं. लंडनच्या संसदेतल्या कॉमन्स या निर्वाचित सभागृहात तो काही वर्षं सदस्य होता. तिथली शिस्त त्याच्या अंगात मुरलेली. म्हणून कायदे करायच्या आधी सभेने एक प्रश्न हाती घेतला: इथे बसायचा हक्क कोणाकोणाला आहे? कॅप्टन जॉन मार्टिनच्या सनदेत त्याच्या जमिनीला वसाहतीच्या कायद्यांतून सूट होती. कायदा पाळायचा नाही आणि करायला मात्र यायचं, हे सभेला मान्य नव्हतं. त्याचे दोन्ही प्रतिनिधी परत पाठवले गेले. आपले सदस्य आपणच पारखायचे, हा अधिकार कॉमन्सने १६०४ मध्ये खुद्द राजा जेम्सशी वाद घालून राखला होता. पंधरा वर्षांत तोच अधिकार समुद्रापार वापरला गेला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

याचं मूळ व्हर्जिनियासाठीच्या १६०६ च्या सनदेत आहे. वसाहतीत जन्मलेल्यांनाही इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखेच हक्क मिळतील, असं राजाने लिहून दिलं होतं. जवळजवळ तेच शब्द १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला देतानाच्या सनदेतही आले. मुंबईकरांना निवडून दिलेली सभा मात्र मिळाली नाही. नुसती सनद पुरत नाही, ती वापरणारी सभा लागते.

आणि हे हक्क सगळ्यांचे नव्हते, हेही स्पष्ट सांगायला हवं. स्त्रियांना मत नव्हतं. ज्यांच्या भूमीवर ही वस्ती उभी होती, त्या पाउहाटन लोकांना त्या चर्चमध्ये जागा नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टअखेर पॉइंट कम्फर्टला एक जहाज लागलं. त्यातून आणलेल्या वीसहून थोड्या अधिक आफ्रिकी माणसांना अन्नधान्याच्या मोबदल्यात देऊन टाकलं. स्वराज्याची सभा आणि गुलामगिरी एकाच उन्हाळ्यात एकाच किनाऱ्यावर आली.

१६२४ मध्ये वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीची सनद रद्द होऊन कारभार राजाकडे गेला. सभा मात्र टिकली. हळूहळू शेरीफ, काउंटी न्यायालयं, ज्यूरी, सारं इंग्लंडच्याच धर्तीवर रुजलं. खरी ताकद मात्र तिजोरीच्या किल्लीत होती. कर बसवायचा तर सभेची संमती हवी. अनेक वसाहतींत तर गव्हर्नरचा पगारही सभाच मंजूर करायची. पगार अडवला की भलेभले गव्हर्नर नमते घेत.

म्हणूनच १७६५ मध्ये लंडनच्या संसदेने परस्पर स्टँप कर, म्हणजे छापील व कायदेशीर कागदपत्रांवरचा कर, लादला, तेव्हा व्हर्जिनियाच्या सभेला उत्तर शोधत बसावं लागलं नाही. सभेचा सदस्य पॅट्रिक हेन्री याने मांडलेल्या ठरावांत राजा जेम्सच्याच सनदांचा हवाला होता. आमच्यावर कर आम्ही निवडलेल्यांनीच बसवायचा, असं त्यांत बजावलं होतं. गव्हर्नरने सभा बरखास्त केली. ठराव मात्र वर्तमानपत्रांतून बाकीच्या वसाहतींमध्ये पोचले.