आरएनए तोडणारी एन्झाइम्स: झाडाच्या पेशीत काय चालतं

स्क्रीनवर दिसतंय ते अ‍ॅराबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातलं छोटंसं रोप, जगभरच्या लॅबमध्ये झाडांचा अभ्यास बहुतेक याच्यावरच होतो. याच्या एकेका पेशीत आत्ता हजारो मेसेंजर आरएनए आहेत, म्हणजे कुठलं प्रोटीन बनवायचं याचे जीनवरून उतरवलेले निरोप, त्यातले काही थोड्या मिनिटांत संपणार आणि काही दिवसभर टिकणार, आणि कोण किती टिकणार यावर कुठलं प्रोटीन किती बनणार ते बरंचसं ठरतं.

मेसेंजर आरएनएच्या पुढच्या टोकाला एक टोपी असते आणि मागे नुसत्या ए-ए-ए-ए अक्षरांची लांब शेपटी. तोडायची सुरुवात बहुतेक वेळा शेपटीपासून होते, डीअ‍ॅडेनिलेज एन्झाइम्स ती कुरतडून आखूड करतात, मग डीसीपी२ नावाचं एन्झाइम टोपी काढतं, आणि टोपी गेली रे गेली की एक्सआरएन४ हे दुसरं एन्झाइम त्या बाजूनं एकेक न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएच्या साखळीची एकेक कडी, सोडवत सुटतं. मागच्या बाजूनं एक्सोसोम हेच करत पुढे येतो, तो म्हणजे बऱ्याच प्रोटीनचा मिळून बनलेला गट. क्लोरोप्लास्टमध्ये, म्हणजे प्रकाशापासून अन्न बनवणाऱ्या पेशीतल्या हिरव्या कणांत, मात्र नेमकं उलटं, तिथे ए ची शेपटी लागली की तो आरएनए लवकर तुटतो, बॅक्टेरियात असतं तसंच, कारण क्लोरोप्लास्टचे पूर्वज बॅक्टेरियाच होते.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते रायबोसोमचं, म्हणजे पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रांचं. पेशीतला बहुतांश आरएनए रायबोसोममध्ये असतो, आरएनएच्या प्रत्येक कडीत एक फॉस्फेट असतो, आणि फॉस्फेट मिळवणं झाडाला फार जड जातं कारण माती तो घट्ट धरून ठेवते. म्हणजे रायबोसोम ही फॉस्फेटची तिजोरीच झाली. जुने रायबोसोम ऑटोफॅजीनं, म्हणजे पेशी स्वतःचेच जुने भाग मोडीत काढते त्या प्रक्रियेनं, व्हॅक्युओल नावाच्या पेशीतल्या मोठ्या पिशवीत नेले जातात, तिथे आरएनए कापणाऱ्या एन्झाइम्सच्या टी२ कुटुंबातलं आरएनएस२ नावाचं एन्झाइम त्यांचा आरएनए कापतं, पुढे फॉस्फेटेज एन्झाइम्स त्यातला फॉस्फेट मोकळा करतात आणि तो पुन्हा वापरात येतो. फॉस्फेट कमी पडला किंवा पान पिवळं पडायला लागलं की आरएनएस२ वाढतं, म्हणजे म्हाताऱ्या पानातला माल कोवळ्या पानांना आणि बियांना मिळतो. ज्या रोपांत आरएनएस२ चा जीन बंद पाडला त्यांच्या व्हॅक्युओलमध्ये आरएनए साचत गेला, आणि एरवी उपासमारीत वाढणारी ऑटोफॅजी सगळं नीट मिळत असतानाही जोरात चालू राहिली!

याच टी२ कुटुंबातली एस-आरएनेज नावाची एन्झाइम्स सफरचंद, पेअर, पेटुनिया यांच्या फुलांत असतात. पराग फुलावर पडला की त्याची नळी खाली बीजांडाकडे वाढायला लागते आणि एस-आरएनेज त्या नळीत शिरतं. पराग वेगळ्या जातीचा असेल तर त्याच्याकडची प्रोटीन्स या एन्झाइमला निकामी करतात, पण त्याच झाडाचा असेल तर ते जमत नाही, नळीतला आरएनए तुटतो आणि नळीची वाढ मध्येच थांबते. सफरचंदाच्या बागेत एकाच वेळी फुलणाऱ्या दोन वेगळ्या जाती जवळजवळ लावतात त्या यामुळेच.