नाशिकची 2024 ची वाइन निवडताना

आज समोर एकच जिल्हा आहे, नाशिक, आणि लेबलावरचं एकच साल, 2024. माझं मत आधीच सांगतो. हजाराच्या आसपास खर्च करणार असाल, तर तो पैसा लाकडी पिंपाला आणि जड काचेला देऊ नका, फळाला द्या.

सालापासून सुरुवात करू. 2024 च्या बाटलीतली द्राक्षं 2023 च्या हवामानावर वाढलेली आहेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्या वाढवण्यासाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (घड येण्यासाठी) आणि जानेवारी ते मार्च तोडणी, असं हे चक्र आहे, आणि लेबलावरचं साल तोडणीचं असतं. युरोपात 2024 ची तोडणी सप्टेंबरच्या सुमारास झाली, म्हणजे नाशिकची त्याच सालाची बाटली सहा-सात महिन्यांनी वडील आहे. लाल वाइनला त्याचा फारसा फरक पडत नाही, पण ताजेपणावर उभ्या असलेल्या पांढऱ्या वाइनला पडतो. त्यामुळे 2024 ची साधी पांढरी वाइन आता साठवू नका. दुकानात तिच्याच शेजारी पुढच्या सालाची असेल, तर पांढऱ्यात नवीच उचला.

त्या हंगामात 2023 चा ऑगस्ट देशभर 1901 पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. मग 26 नोव्हेंबरला निफाड आणि आसपास अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. गोडी छाटणीनंतर साधारण 40 दिवसांनी वेल फुलोऱ्यात येते. म्हणजे ज्यांनी ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी केली, त्यांचे घड नेमके फुलोऱ्यात सापडले आणि गळ-कुजीचा धोका त्यांनाच जास्त. सप्टेंबरात छाटलेल्या बागेत तोवर मणी धरलेले होते. गार तर एका शिवारात पडते आणि शेजारचं शिवार सोडते. म्हणून ‘2024 चांगलं की वाईट’ या प्रश्नाला नाशिकपुरतं एक उत्तर नाही, चाखूनच ठरवावं लागतं.

चाखताना द्राक्ष एकच ठेवा. शेनिन ब्लां या द्राक्षाची पांढरी वाइन घ्या, कारण सुला, यॉर्क, सोमा असे नाशिकचे अनेक उत्पादक ती करतात आणि तुलना सरळ होते. एका बैठकीला सहाच्या वर बाटल्या नकोत. प्रत्येक पेल्यात 50 मिलिलिटर ओता, म्हणजे 750 च्या बाटलीत पंधरा जणांचं भागतं. बाटल्यांना कागदी पिशव्या घाला, त्यावर आकडे लिहा आणि थुंकायला भांडं ठेवा. खोलीत उदबत्ती आणि अत्तर नको. सोबत शेव-फरसाण नको, साधा पाव पुरे.

तापमानावर निम्मे निकाल चुकतात. पांढरी 8 ते 10 अंशांवर हवी. त्यासाठी बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत 20 मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते, म्हणून वेळ लागतो. लाल 16 ते 18 अंशांवर हवी. एप्रिलमध्ये आपल्या घरात 30 अंश असतात, तेव्हा ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम इथे चालत नाही. सुमारे दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर नाकात नुसता अल्कोहोल येईल आणि चांगली शिराझ (याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन) उगाच बाद ठरेल.

आता शेनिनची खरी परीक्षा. पहिला घोट थंड असताना घ्या, मग पेला थोडा वेळ तसाच ठेवा आणि 14-15 अंशांवर पुन्हा चाखा. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम राखलेली असते आणि थंडपणात ती लपते. गरम झाल्यावर जीभ चिकट वाटली, घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं नाही, तर आंबटपणा कमी पडलाय. बहुधा फळ उशिरा, मार्चच्या उन्हात तोडलेलं असतं. लेबलावरचा अल्कोहोलही याबद्दल बोलतो. ब्रिक्सला, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाला, 0.55 ने गुणलं की साधारण अल्कोहोल मिळतो. 22 ब्रिक्सला तोडलेलं फळ पूर्ण आंबवलं तर 12 टक्के येतं. पांढऱ्यावर साडेतेरा दिसला तर फळ जास्त पिकलेलं होतं असं समजा.

दोष ओळखा, म्हणजे वाईट बाटलीमुळे चांगल्या उत्पादकावर अन्याय होणार नाही. ओल्या गोणपाटाचा वास आला तर दोष बुचाचा. फिरकीच्या झाकणात तो क्वचितच मिळतो. रंग गडद पिवळा आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, तर हवा लागली. बूच वर आलंय, गळ्यावर चिकट ओघळ आहे, तर बाटली गरम गोदामात किंवा ट्रकमध्ये तापली. विझलेल्या काडीचा वास मात्र पेला दहा मिनिटं हलवला की बहुतेकदा जातो, त्यासाठी बाटली परत करू नका.

लाकडाचा हिशोबही करून टाकू. 225 लिटरच्या पिंपातून 300 बाटल्या निघतात. नवं फ्रेंच पिंप समजा 90 हजारांना पडलं आणि एकदाच वापरलं, तर बाटलीमागे 300 रुपये नुसते लाकडाचे. तीनदा वापरलं तर 100. दणकट फळ असेल तर हा खर्च वसूल होतो, पातळ शिराझमध्ये मात्र फक्त व्हॅनिला आणि कडवटपणा उरतो. म्हणून याच किमतीत बिनलाकडाची शिराझ आधी चाखा. तिच्यात काळ्या मिऱ्याचा आणि जांभळाचा वास हवा. हिरव्या ढोबळी मिरचीचा आला, तर फळ कच्चं तोडलेलं असावं, किंवा वेलीवर घड जास्त ठेवले होते.

पिशव्या काढण्याआधी प्रत्येकाने कागदावर एकच गोष्ट लिहायची: या बाटलीचे मी किती रुपये देईन. गुण लिहू नका. गुणांना छापील किमतीशी जोडता येत नाही, रुपयांना येतं. बाटलीत वाइन उरली तर झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. जिचा आंबटपणा आणि वास टिकलाय आणि लिहिलेला आकडा छापील किमतीच्या वर गेलाय, तिच्या बाटल्या घ्या, पण पांढरी असेल तर दोन-तीनच, आणि चार-सहा महिन्यांत संपवा.