डोंगर एक, कायदे दोन आणि 'जोगवा'

नमस्कार मंडळी. लग्नाचा व्हिडिओ म्हटला की 'जीव रंगला' आलंच. आपल्या बेळगावात तर शूटिंगवाला न विचारताच लावतो. गाणं एका जोगतिणीचं आणि बळंच साडी नेसवलेल्या जोगत्याचं आहे, हे वरपक्षाला सांगू नका म्हणजे झालं.

तो सिनेमा 'जोगवा', २००९चा, राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवरचा. सुलीच्या केसात जट होते, म्हणजे देवीचं बोलावणं आलं. तिला यल्लम्माला सोडतात, म्हणजे देवीला वाहून देवदासी करतात. जोगता तायप्पालाही तसंच सोडलेलं. आणि यल्लम्मा म्हणजे सौंदत्तीचा डोंगर, आपल्याच जिल्ह्यातला.

(पडद्यावर: नकाशा, गडहिंग्लज ते सौंदत्ती)

१९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात, त्यामुळं तो आपल्यालाही लागू. १९५६ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, शेजारचं गडहिंग्लज मुंबई राज्यातच, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात राहिलं. कर्नाटकानं १९८२ला नवा कायदा केला, महाराष्ट्राचा नवा कायदा थेट २००५चा. म्हणजे मधली वीसेक वर्षं हिशेब असा: गडहिंग्लजची पोर डोंगरावर सोडली तर कर्नाटकाचं कलम, तिच्या गावातच सोडली तर १९३४चं जुनं. देवी तीच.

कर्नाटकाच्या १९८२च्या कायद्यातली एक गोष्ट फार नेमकी होती. परक्यानं मुलगी सोडली तर तीन वर्षांपर्यंत कैद. आईबाप, पालक किंवा नातेवाइकांनी सोडली तर किमान दोन, कमाल पाच. सोडणारे घरचेच असतात, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. 'जोगवा'तही खलनायक शोधायला गेलात तर पहिला घरातच सापडतो.

पण तायप्पाचं काय? तो कायदा बोलत होता बाईला सोडण्याबद्दल. पुरुषाला साडी नेसवून जोगवा मागायची परडी हातात दिली, तर त्याला त्या कायद्यात जागाच नव्हती. या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मिळायलाच हवा होता. मला मात्र त्याहून मोठं हे वाटतं, की कायद्यानं ज्याला मोजलाच नाही, त्याला या सिनेमानं नायक केलं.

आता जरा मागं. १९६९, कन्नड, पुट्टण्णा कणगाल यांचा सिनेमा 'गेज्जे पूजे'. देवदासीच्या घरातली चंद्रा, तिला साधं लग्न करून संसार करायचाय. होत नाही, ती जीव देते. तेरा वर्षांनी आलेल्या कायद्यानं देवदासीचं लग्न वैध ठरवलं. आणि 'जोगवा'त दोघं ते जगणंच झुगारून देतात. सिनेमामुळं कायदा झाला असं मी म्हणत नाही. मधे गडहिंग्लज-निपाणी भागातली देवदासी प्रथेविरुद्धची चळवळ आहे, ती पडद्यावर फारशी दिसतच नाही. पण १९६९ला बघणाऱ्याला पटेल असा शेवट म्हणजे मरण, आणि २००९ला लोकांनी दुसरा शेवट मान्य केला.

खरं सांगू? तो दुसरा शेवट मला घाईचा वाटतो. झुगारलं, बरं झालं. पण दुसऱ्या दिवशी भाड्यानं खोली कोण देणार? पुढं पोराच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लावणार? पुनर्वसन नियमांवर सोपवून १९८२चा कायदा मोकळा झाला, आणि सिनेमा श्रेयनामावलीवर. उलट कायदा आल्यावर हे विधी डोंगरावरून उठले आणि घरात, दार लावून व्हायला लागले. त्यावर सिनेमा काढायला हरकत नाही कुणी.

दोन्ही बघणार असाल तर आधी कन्नड बघा, मग मराठी. आणि सबटायटल नाहीत अशी तक्रार नको हां, बस कंडक्टरशी बोलता तेवढं कन्नड पुरतं की.