जखम जुनी, कागद आजचा

(सोलापुरात माजी सैनिक आणि वीरनारींच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून आलेल्या ताईंना परतीची एसटी गाठायची आहे, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही.

पेन्शनचा विषय निघाला की लोक आधी आकडा विचारतात. तर आकड्यापासूनच सुरू करू. समजा, एका जवानाचा शेवटचा पगार बेसिक, मिलिटरी सर्व्हिस पे आणि लागू असेल तो ग्रुप पे धरून महिना ४०,००० रुपये होता. तो गेला. बायकोला पेन्शन किती बसेल? साधी फॅमिली पेन्शन लागली तर तीस टक्के, म्हणजे १२,०००. तो नोकरीत असताना गेला असेल तर पहिली दहा वर्षं पन्नास टक्क्यांनी २०,००० मिळतात, मग १२,०००वर येतात. स्पेशल फॅमिली पेन्शन लागली तर साठ टक्के, २४,०००. आणि लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन लागली तर पुरते ४०,०००. महागाई भत्ता या सगळ्यांवर वेगळा. जवान तोच, हुद्दा तोच, आणि मागे राहिलेल्या बाईच्या हातात येणाऱ्या रकमेत महिन्याला २८,०००चं अंतर.

हे अंतर ठरतं एका अक्षरावर. संरक्षण मंत्रालयाचं ३१ जानेवारी २००१चं पत्र आहे, १ जानेवारी १९९६पासून लागू झालेलं. त्यात मृत्यू आणि अपंगत्वाचे पाच गट केलेत, ए ते ई. ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेलं नैसर्गिक कारण; तिथे साधी पेन्शन. बी म्हणजे नोकरीच्या परिस्थितीमुळे जडलेला किंवा वाढलेला आजार. सी म्हणजे ड्युटीवरचा अपघात: सरकारी गाडी उलटली, सरावात काही झालं, विजेचा धक्का बसला. बी आणि सीला स्पेशल. डी म्हणजे अतिरेक्यांचा किंवा समाजकंटकांचा हल्ला, बॉम्बस्फोट. ई म्हणजे युद्ध, सीमेवरची चकमक, सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेला स्फोट, परदेशातल्या शांतिसेनेतली कारवाई, सरकारने जाहीर केलेलं ऑपरेशन. डी आणि ईला लिबरलाइज्ड. ही लिबरलाइज्डची सोय १९७१च्या युद्धानंतर, फेब्रुवारी १९७२मध्ये आली. त्याआधीच्या बायांनी काय भोगलं, ते त्यांच्या घरातल्यांना विचारा.

सीबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो, कारण आपल्या जिल्ह्यात हे फार होतं. पोरगा सुट्टीवर येतो, गावात मोटारसायकलवरून शेताकडे निघतो आणि ट्रॅक्टरला धडकतो. घरच्यांना वाटतं, फौजी होता, सुट्टी मंजूर होती, म्हणजे ड्युटीवरच होता. नाही हो. युनिटमधून घरी येतानाचा किंवा परत जातानाचा प्रवास ड्युटीत धरतात. पण गावातल्या खाजगी कामात झालेला अपघात नुसता सुट्टी मंजूर होती म्हणून नोकरीशी जोडता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलंय. ऐकायला कडू आहे, पण अशा केसमध्ये वकिलाला पैसे देण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आता फौजेतला दुसरा शब्द: कॅज्युअल्टी, म्हणजे मृत्यूची किंवा जखमेची नोंद. ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे लढाईतली किंवा मोहिमेतली, आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’, म्हणजे बाकीची. घटना घडल्यावर युनिट जो रिपोर्ट पाठवतं, त्यात यातला एक शब्द पडतो, आणि पुढची फाइल त्याच रुळावरून धावते. डिसेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. जानेवारी २०१३मध्ये एक जवान नियंत्रण रेषेजवळ कडाक्याच्या थंडीत गस्तीवर होता. त्याला श्वास घेता येईना. हवा इतकी खराब की हेलिकॉप्टर आलं नाही. साथीदारांनी त्याला पायी खाली आणलं, पण तो वाचला नाही. आधी बॅटल कॅज्युअल्टी नोंद झाली, मग ती बदलून फिजिकल केली. लिबरलाइज्ड पेन्शन नाकारली. कारण काय, तर गोळी लागली नाही, हृदय बंद पडलं. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलने, म्हणजे फौजींचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, त्याच्या बायकोच्या बाजूने निकाल दिला, तर सरकार अपिलात गेलं. कोर्टाने फौजेचाच २००३चा आर्मी ऑर्डर काढून दाखवला: सीमेवर किंवा नियंत्रण रेषेवर काम करताना तिथल्या हवामानामुळे आलेलं आजारपण बॅटल कॅज्युअल्टीत येतं. अपील फेटाळलं, वर सरकारला ५०,००० रुपयांचा खर्च लावला, आणि या बाईला कोर्टात ओढायलाच नको होतं असंही ऐकवलं. न्यायमूर्ती अभय ओक त्या खंडपीठावर होते, म्हणजे आपल्याकडचेच. मला त्यातलं लक्षात राहिलं ते मधलं एवढंच: नोंद आधी बरोबर होती, ती नंतर बदलली. म्हणून सांगतो, युनिटमधून आलेलं पहिलं पत्र, पहिली तार, पहिला ईमेल फेकू नका. देव्हाऱ्यात ठेवा, पण ठेवा.

आज मी खरा आलोय तो पुढच्या विषयासाठी. जे जागेवर गेले, त्यांची फाइल सहसा मार्गी लागते. तिथे सगळ्यांचं लक्ष असतं, पुढारी येतात, फुलं पडतात. पण जो जखमी होऊन घरी आला, वर्षानुवर्षं जगला आणि मग त्याच जखमेने गेला, त्याची बायको? तिच्याकडे कोणी बघत नाही. नवऱ्याच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तिच्या नावासमोर साधी फॅमिली पेन्शन आधीच छापलेली असते. तो गेला की ती आपोआप सुरू होते. बँकेत पैसे जमा होतात, तिला वाटतं झालं काम. स्पेशलचा हक्क असू शकतो हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

नियम काय म्हणतो? मृत्यू सेवेतल्या जखमेमुळे झाला असेल, किंवा त्या जखमेने तो लवकर ओढवला असेल, तर स्पेशल फॅमिली पेन्शन देता येते. हे ‘लवकर ओढवला’ ध्यानात ठेवा. जखमेनेच मारलं हे सिद्ध करायची गरज नाही. जखम नसती तर हा माणूस आणखी काही वर्षं जगला असता, एवढा धागा डॉक्टरी कागदावर दिसला पाहिजे.

धागा कसा दिसतो ते सांगतो. समजा, स्फोटात मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४पासून अशाच जवानांसाठी आहे. तिथे जाऊन आलात तर मी काय म्हणतो ते कळेल. अशा माणसाला लघवीची नळी असते. नळीमुळे पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत जातो, काही वर्षांनी किडन्या निकामी होतात. किंवा पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. बेडसोअर म्हणतो आपण. त्या चिघळतात, पू रक्तात जातो, आणि एका रात्री ताप चढतो तो उतरतच नाही. घरातल्या बाईने वर्षानुवर्षं कूस बदलून दिलेली असते, जखमा धुतलेल्या असतात. तिला पक्कं माहीत असतं की हा मणक्याच्या जखमेनेच गेला. आणि दवाखान्यातून कागद येतो: ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. अहो, हृदय आणि श्वास तर प्रत्येक मेलेल्या माणसाचा बंद पडतो. ते कारण झालं का?

इथे नीट ऐका, लिहून घेतलंत तरी चालेल. महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून मिळतो त्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. कायद्यानेच ते तिथे देत नाहीत. कारण असतं डॉक्टर भरतो त्या वैद्यकीय प्रमाणपत्रात. माणूस दवाखान्यात वारला तर फॉर्म ४, घरी वारला तर ४-ए. त्या फॉर्ममध्ये एकाखाली एक ओळी असतात: ताबडतोबचं कारण, ते कशामुळे, आणि तेही कशामुळे. सगळ्यात खालच्या ओळीत मुळातलं कारण लिहायचं असतं. वरच्या ओळीत सेप्टिसीमिया असू दे, मधल्या ओळीत बेडसोअर असू दे, पण खालच्या ओळीत ‘मणक्याच्या जुन्या जखमेमुळे पॅराप्लेजिया’ असं खरं असेल तर ते आलंच पाहिजे. २०२३च्या दुरुस्तीनंतर या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती मागा. अंत्यविधीच्या धावपळीत बाईला हे सुचणार नाही, म्हणून दीर, भाऊ, शेजारी, तालीम मंडळातला कोणी तरी शहाणा, त्याने हे काम करायचं. डॉक्टरला खोटं लिहायला सांगू नका. त्याच्या टेबलावर फक्त पेशंटचे जुने कागद ठेवा: फौजेच्या मेडिकल बोर्डाची (अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाची) प्रोसीडिंग, डिस्चार्ज कार्डं, ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) रेफरल, अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या. दवाखान्याच्या तातडीच्या विभागातल्या रात्रपाळीच्या पोरसवदा डॉक्टरला हा माणूस माजी सैनिक आहे हे कुठून कळणार?

म्हणजे खरं काम माणूस जिवंत असतानाच करायचं असतं. समोर बसलेल्या जखमी जवानांना हे ऐकून कसंसं होतंय, मला दिसतंय. पण बायकोवर माया असेल तर हे बोलून ठेवा. एक फाइल करा. मेडिकल बोर्डाची प्रत नसेल तर आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला लिहायचं, महारवाल्यांनी सागरला, तोफखान्याच्या लोकांनी नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सनी खडकीला, रणगाडावाल्यांनी नगरला. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र गेलं तर बरं पडतं, जावकनंबर राहतो.

नावांचा घोळ हा आपल्या सोलापूरचा खास आजार. इथे एकाच घरात मराठी, तेलुगू, कन्नड नांदतात. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली नोंद, निघाली तेव्हा युनिटच्या क्लार्कने ‘महादेवी’ लिहिलं, आधारवर ‘महादेवम्मा’ आहे, बँकेत ‘महादेवीबाई’, आणि रेशनकार्डावर माहेरचंच आडनाव चाललंय. पेन्शनच्या स्पर्श पोर्टलला हे चालत नाही. नवरा हयात असताना ही दुरुस्ती एका अर्जात होते. तो गेल्यावर प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि चकरा. मुलांच्या जन्माच्या पार्ट टू ऑर्डर निघाल्यात का तेही बघा. अनेकांची धाकटी मुलं फौजेच्या कागदावर जन्मलेलीच नाहीत.

अविवाहित पोराच्या आईवडिलांबद्दल विचारणा आली आहे. मुलगा डी किंवा ई गटात गेला आणि मागे बायको-मुलं नाहीत, तर आईवडील दोघं असल्यास लिबरलाइज्डच्या पंचाहत्तर टक्के मिळते, एकच असेल तर साठ टक्के. दोघांपैकी एक गेला की रक्कम कमी होते ती यामुळे. बँकेने पैसे खाल्ले म्हणून भांडायला जाऊ नका.

आणि पुनर्विवाह. सभेत कुजबुज सुरू झाली, म्हणजे विषय बरोबर जागी लागला. विधवेने दुसरं लग्न केलं की पेन्शन बंद, असं गावोगाव सांगतात, आणि सांगणारे बहुतेक तिच्या सासरचे असतात. स्पेशल आणि लिबरलाइज्ड पेन्शन दुसऱ्या लग्नाने सरसकट बंद होत नाही. पहिल्या नवऱ्याची मुलं ती सांभाळत असेल, तर तिची पूर्ण पेन्शन चालू राहते. सांभाळत नसेल तर हिशोब बदलतो, मुलांचा वाटा येतो. दिराशीच लग्न केलं तर शौर्यपदकाचा भत्ता चालू, बाहेर केलं तर बंद, अशी एक अट होती. ती नोव्हेंबर २०१७मध्ये काढून टाकली. पंचविशीतल्या मुलीला पेन्शनच्या भीतीने घरात बसवून ठेवणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: नियमाचं नाव पुढे करू नका.

बीएसएफ, सीआरपीएफच्या घरच्यांनी एक लक्षात घ्या. तुमची दलं गृह मंत्रालयाकडची, आणि तुमचे नियम वेगळे, एक्स्ट्राऑर्डिनरी पेन्शनचे. आज सांगितलेलं जसंच्या तसं तुम्हाला लावू नका, कार्यक्रमानंतर वेगळं बोलू.

प्रश्न आलाय, मोहोळच्या एका मावशींचा. नवरा जखमेने जाऊन बरीच वर्षं झाली, साधी पेन्शन घेते, आता अर्ज केला तर चालेल का?

चालेल, मावशी. पेन्शन दर महिन्याला देणं लागतं, म्हणून दावा मुदतबाह्य होत नाही. पण सुप्रीम कोर्टाने २००८मध्ये तरसेम सिंगच्या केसमध्ये सांगितलंय की उशिरा आलात तर थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. त्याआधीचं गेलं. तेव्हा आधी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, सोबत मेडिकल बोर्डाची प्रत आणि शेवटच्या दवाखान्याचे केसपेपर. नाकारलं तर पहिलं अपील, मग दुसरं, आणि तरीही नाही झालं तर मुंबईचं आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. केसपेपर दवाखान्याने नष्ट केले असतील तर ईसीएचएसच्या नोंदी, औषध दुकानाची बिलं, जे असेल ते गोळा करा. पीपीओची झेरॉक्स आणली आहे का तुम्ही? नाही? मग नंबर तरी पाठ आहे का? असू दे. बँकेचं पासबुक पिशवीत आहे ना, ते घेऊन खाली टेबलापाशी या, अर्ज आजच लिहू.