गर्दीतला एकेक तारा

श्रोतेहो, नमस्कार.

दुर्बिणीला मोठा आरसा कशाला हवा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: अंधूक गोष्टी दिसाव्यात म्हणून. ते बरोबरच आहे. पण आकाशात एक प्रकार असा आहे, जिथे अंधुकपणापेक्षा गर्दी जास्त छळते. तो म्हणजे गोलाकार तारकागुच्छ.

आपल्या आकाशगंगेभोवती असे दीडशेहून अधिक गुच्छ आहेत. एकेकात लाखो तारे, आणि वय १२ ते १३ अब्ज वर्षं. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. दाट गुच्छाच्या गाभ्यात तेवढ्या अंतराच्या आत हजारो तारे कोंबलेले असतात. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गुच्छ १७६४ मध्ये शार्ल मेसिए यांनी पाहिला आणि नोंद केली, की हा तेजोमेघ आहे, यात तारा नाही! प्रत्यक्षात यात लाखो तारे आहेत. मेसिए यांच्या लहानशा दुर्बिणीतून मात्र ते वेगळे होत नव्हते, एवढंच. पुढे विल्यम हर्शेल यांच्या मोठ्या आरशांनी तो धुरकट गोळा फोडून त्यातले तारे दाखवले.

१९१८ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅपली यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या ६० इंची दुर्बिणीने या गुच्छांची अंतरं काढली. त्यातून सूर्य आकाशगंगेच्या मध्यावर नाही हे कळलं. अंतरं त्यांनी बरीच फुगवली होती, कारण वाटेतली धूळ हिशेबात नव्हती. दिशा मात्र अचूक. हे काम गुच्छांमधल्या रूपविकारी ताऱ्यांवर उभं होतं, म्हणजे तेज ठरावीक तालात कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांवर. तेही गुच्छाच्या मध्यापासून दूर असलेलेच बरे, कारण छायाचित्राच्या काचेवर, जिथे प्रकाश काळा उमटतो, गाभ्याचा नुसता काळाठिक्कर डाग उमटायचा.

मग कॅलिफोर्नियातल्याच पालोमारची २०० इंची दुर्बीण आली. गुच्छातले सगळे तारे जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले, आणि जड तारे आधी म्हातारे होतात. म्हणून सूर्यासारख्या साध्या ताऱ्यांपैकी कोणत्या वजनाचे तारे आत्ता म्हातारपणाकडे वळत आहेत, हे सापडलं की अख्ख्या गुच्छाचं वय हाती लागतं. हे वळण अंधूक ताऱ्यांमध्ये असतं. आधीच्या दुर्बिणींना तिथपर्यंत जेमतेम पोचता येई. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅलन सँडेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एम ३ आणि एम ९२ या गुच्छांमध्ये ते गाठलं. माझ्या मते मोठ्या आरशाचं त्या काळातलं हे सर्वांत समाधानकारक फळ.

पण गाभा? तो तसाच राहिला, कारण आड येत होती हवा. वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं जसं थरथरतं, तसा वातावरणातून येणारा तारा थरथरतो आणि त्याचा ठिपका पसरतो. उत्तम जागी, उत्तम रात्रीसुद्धा तो साधारण अर्धा विकला तरी रुंद होतो (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग). ८ मीटरच्या आरशाने अवरक्त प्रकाशात विकलेच्या विसाव्या भागाइतका बारकावा दाखवायला हवा. म्हणजे एवढा थोरला आरसा प्रकाश भरपूर गोळा करणार, पण शेजारच्या दहा ताऱ्यांचा एकत्र!

यावर उपाय म्हणजे आरसाच हवेच्या तालावर वाकवायचा. चिलीमधल्या पारानाल इथे ८.२ मीटरच्या चार दुर्बिणी आहेत. त्यांतल्या एकीचा दुय्यम आरसा जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा आहे आणि त्याच्या मागे ११७० खटके सेकंदाला शेकडो वेळा त्याचा आकार बदलत राहतात. हवेने नेमकं काय बिघडवलं ते कळायला जवळ एक तेजस्वी तारा लागतो. तो नसेल तर लेसर सोडून ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात नकली तारा पेटवतात. गंमत अशी, की तारकागुच्छात खऱ्या मार्गदर्शक ताऱ्यांना तोटा नाही. म्हणूनच २००७ मध्ये एकाच वेळी अनेक ताऱ्यांचा आधार घेऊन हवा दुरुस्त करण्याची पद्धत पारानालला आजमावली, तेव्हा नरतुरंग तारकासमूहातल्या ओमेगा सेंटॉरी या गुच्छावरही तिची परीक्षा घेतली गेली.

ठिपके वेगळे झाले की पुढचा प्रश्न येतो वर्णपटाचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत पसरवून पाहण्याचा. पूर्वी एकेका ताऱ्यावर फट रोखून वर्णपट घ्यायचे. पारानालचं म्यूज नावाचं उपकरण आता चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा वर्णपट एकदमच टिपतं. गाभ्यात वर्णपटही एकमेकांत मिसळतात. ते सोडवायला हबल दुर्बिणीने आधीच नोंदवलेल्या ताऱ्यांच्या जागा वापरतात. जमिनीवरची दुर्बीण श्रेष्ठ की अंतराळातली, हा वाद इथे अगदीच पोकळ ठरतो. याच मार्गाने २०१८ मध्ये एनजीसी ३२०१ या गुच्छात एक तारा सापडला, जो १६७ दिवसांत कशाभोवती तरी फिरतो. जोडीदार दिसत नाही, पण त्याचं वस्तुमान सूर्याच्या चौपटीहून जास्त. शांत बसलेलं, काहीही न गिळणारं कृष्णविवर! एकाच ताऱ्याच्या मागेपुढे होणाऱ्या गतीवरून ते पकडलं गेलं. तो तारा शेजाऱ्यांपासून सुटा झाला नसता तर ही गती हाती लागलीच नसती.

आता चिलीतच सेरो आर्माझोनेस डोंगरावर ३९ मीटरचा आरसा असलेली दुर्बीण उभी राहते आहे. ७९८ षटकोनी तुकड्यांचा आरसा. तिची नजर ८ मीटरवाल्यांपेक्षा जवळपास पाचपट तीक्ष्ण असेल, त्यामुळे आज चिकटलेले तारे सुटे होतील. पण त्याचबरोबर आज जे मुळीच दिसत नाहीत असे असंख्य फिके, हलके तारेही चित्रात उगवतील, आणि त्या सगळ्यांना पुन्हा वेगळं करावं लागेल.

नमस्कार.