आधी पत्र्यातली भोकं बघा

(दृश्य : अंधारं गॅरेज. एक दिवा लागतो. लाल बॉनेटवर पांढऱ्या छपराची कड दिसते.)

लांबी जेमतेम दहा फूट. चाकं दहा इंची. शेजारी उभं राहिलं तर छप्पर छातीपर्यंत येतं. अंगाला टार्टन रेड, छपराला ओल्ड इंग्लिश व्हाइट. ही १९६०च्या दशकातली मिनी कूपर एस. अशी गाडी ब्रिटनमध्ये विक्रीला निघते तेव्हा जाहिरातीत नावाआधी एक शब्द असतो : वर्क्स. त्या एका शब्दानं किंमत कुठल्या कुठे जाते. लाल-पांढऱ्या मिनी पुष्कळ आहेत, हा शब्द खऱ्या अर्थानं लावता येईल अशा फार थोड्या.

वर्क्स म्हणजे कारखान्यानं स्वतः रॅलीसाठी तयार केलेली आणि स्वतःच्या संघातून उतरवलेली गाडी. हे काम चालायचं अ‍ॅबिंग्डनला, एमजीच्या कारखान्यात. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा स्पर्धा विभाग तिथे होता. नवी गाडी यायची, ती पार सांगाड्यापर्यंत उघडली जायची आणि मग मेकॅनिक ती हातानं पुन्हा बांधायचे. एकीसारखी दुसरी तंतोतंत व्हायची नाही, कारण ड्रायव्हर वेगळा, रॅली वेगळी, नियम वेगळे.

(दृश्य : गाडी लिफ्टवर. कॅमेरा खालून.)

आता खालून बघू. समोर ही जाड ढाल आहे, संप गार्ड. संप म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ साली मिनी आणली तेव्हा इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, संपमध्येच ठेवला. दोघांना तेल एकच. छोट्या गाडीत चार माणसांना जागा मिळाली ती या युक्तीमुळे. पण डोंगरातल्या कच्च्या वाटेवर एक दगड वर्मी बसला की तेल गेलं, आणि तेलाबरोबर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही गेले. ही ढाल त्यासाठी.

ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या इथे खाली दिसत नाहीत. त्या गाडीच्या आतून नेलेल्या असतात, उडत्या दगडांपासून लांब. डिकीत पेट्रोलच्या दोन टाक्या, दोन्ही बाजूंना एकेक. सांध्यांवर जादा वेल्डिंग. हे काम देखणं नाही, घाईत पण जाणत्या हातानं केलेलं आहे, आणि मला या गाडीत सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

आत, नॅव्हिगेटरच्या पुढ्यात, हाल्डा ट्विनमास्टर. त्यात अंतर मोजणारे दोन आकडे : एक एकूण, दुसरा हवा तेव्हा शून्यावर आणायचा. शेजारी घड्याळं आणि नकाशा वाचायला वाकणारा छोटा दिवा. रात्रभर बर्फातून धावताना ड्रायव्हरइतकंच काम या खुर्चीवरचा माणूस करत असे.

इतकीशी गाडी जिंकायची कशी? इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर आणि गाडी ओढायचीही पुढचीच चाकं, त्यामुळे बर्फावर पकड मिळायची. चारही चाकं चार कोपऱ्यांत, त्यामुळे वळणावर शेपूट फारशी लोंबायची नाही. राउनो आल्टोनेन आणि टिमो मॅकिनेन हे फिनलंडचे ड्रायव्हर उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून डाव्या पायानं ब्रेक मारायचे आणि गाडी नाकावर वळवायचे.

पहिला मोठा आंतरराष्ट्रीय विजय मिळवला दोन स्त्रियांनी. १९६२च्या ट्युलिप रॅलीत पॅट मॉस आणि अ‍ॅन विज्डम मिनी कूपर घेऊन पहिल्या आल्या. ही गोष्ट मॉन्टे कार्लो रॅलीतल्या विजयांच्या गजरात मागे पडते, म्हणून मुद्दाम आधी सांगितली.

(दृश्य : बर्फाचा घाट, रात्र, वळणावर येणारे दिवे.)

मग मॉन्टे कार्लो. १९६४ साली पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन मिन्स्कहून निघाले आणि १०७१ सीसीच्या कूपर एसनं रॅली जिंकले. मागे पडलेल्यांत ४.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची फोर्ड फाल्कन होती. १९६५ला मॅकिनेन आणि पॉल ईस्टर, भयंकर बर्फात. १९६७ला आल्टोनेन आणि पुन्हा लिडन.

मधलं १९६६ साल मात्र जिव्हारी लागणारं. मॅकिनेन, आल्टोनेन, हॉपकर्क. पहिले तिघंही मिनीवाले. तिघांनाही बाद केलं, कारण हेडलाइटमध्ये एकाच तारेचे आयोडीन बल्ब होते आणि प्रकाश खाली करण्याची पद्धत नियमात बसत नाही असं ठरवलं गेलं. रस्त्यावर कमावलेला विजय बल्बवर गेला. विजेतेपद सिट्रोएनच्या पाउली टोइव्होनेन यांना मिळालं. मी अजूनही त्या काळातली मिनी दिसली की आधी तिच्या दिव्यांपाशी थांबतो.

(दृश्य : नंबरप्लेट जवळून.)

आता विकत घेणाऱ्यानं नीट ऐकावं अशी गोष्ट. अ‍ॅबिंग्डन त्या काळी बर्कशायर परगण्यात होतं, म्हणून वर्क्स गाड्यांच्या नंबरात जेबी, बीएल, आरएक्स अशी अक्षरं सापडतात. १९६४ची ३३ ईजेबी, १९६५ची एजेबी ४४बी आणि १९६७ची एलबीएल ६डी, मॉन्टे कार्लो जिंकलेल्या या तिन्ही गाड्या इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहेत. बाजारात येतात त्या बाकीच्या : चौथ्या-पाचव्या आलेल्या, अर्ध्यात मोडलेल्या, रस्त्याच्या पाहणीसाठी वापरलेल्या. त्यांना कमी लेखू नका. त्याच हातांनी त्यांचंही काम केलंय.

पण नंबर जुना म्हणजे पत्राही जुनाच, असं धरून चालू नका. रॅलीत सांगाडा पिळवटला की अ‍ॅबिंग्डनवाले नवा सांगाडा घ्यायचे, चांगले भाग त्यात बसवायचे आणि त्याच नंबरावर गाडी पुढच्या रॅलीला जायची. त्यांच्यासाठी ती हत्यारं होती. हंगाम संपला की गाड्या विकल्या जायच्या, काही तर संघातल्याच माणसांना. पुढच्या मालकांनी त्या आणखी पळवल्या, आपटल्या, पुन्हा सांगाडा बदलला. १९७० साली विभागच बंद झाला. त्यामुळे एकाच गाडीत तीन काळांतले भाग सापडले तर दचकू नये. विक्रेता ते मोकळेपणानं सांगतो की लपवतो, इकडे लक्ष द्या. सांगाडा बदलल्याचं कागदावर लिहिलेली गाडी मला आरशासारख्या चकचकीत आणि मुक्या गाडीपेक्षा कधीही जास्त मोलाची वाटते.

कागद कोणते? जुनं नोंदणीपुस्तक, पहिल्या मालकापासूनचं. गेडनला जपलेल्या उत्पादन-नोंदींवरून मिळणारं प्रमाणपत्र. ही गाडी ऑस्टिन आणि मॉरिस अशा दोन नावांनी विकली जायची. ऑस्टिन कूपर एसचा चेसिस नंबर सीए२एस७नं सुरू होतो, मॉरिसचा केए२एस४नं. त्या नंबरची पाटी मात्र नवी ठोकता येते, म्हणून तेवढ्यावर भागत नाही.

रॅलीत काढलेले जुने फोटो जास्त कामाचे. एका हातात फोटो घ्या, दुसऱ्या हातात टॉर्च. दिव्यांच्या पट्ट्या कुठे बसवल्या होत्या, बॉनेटचा पट्टा कुठून गेला होता, घड्याळं कुठे होती. मेकॅनिकनं ड्रिल मारलं की पत्र्यात भोक राहतं, आणि उपकरण काढून विकलं तरी भोक तिथेच असतं. हौशी मालक गाडी नवी करताना ही भोकं भरून वर रंग मारतात. भरलेलं भोकही पत्र्याच्या मागच्या बाजूनं बहुधा कळतं. म्हणून वरून बघून निघू नका. डॅशबोर्डखाली, नॅव्हिगेटरच्या बाजूला, आडवे पडा आणि फोटोत हाल्डा जिथे आहे त्या जागी पत्र्याच्या मागून बोट फिरवा.

(दृश्य : डॅशबोर्डखाली टॉर्चचा उजेड. पत्र्यावरून फिरणारं बोट थांबतं.)